चौकटीबाहेरची कडी

"दादाचे फोटो जरा कमीच घ्या," पेन ड्राइव्ह फोटो स्टुडिओच्या काउंटरवर ठेवत धाकटा भाऊ म्हणाला. "आई खरी रमते ती आमच्याकडेच."

दुकानात व्हिडिओ जुळवणाऱ्या ताईने मान डोलावली. आदल्याच दिवशी थोरल्याची बायको अशीच एक पेन ड्राइव्ह देऊन गेली होती आणि "भाऊजी ढीगभर फोटो आणून टाकतील, त्यातले निवडकच घ्या हं," असं हसत हसत बजावून गेली होती. आई दोघांची एकच. तिला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती, रविवारी हॉल घेतला होता, आणि भावाभावांचं बोलणं बंद असल्यामुळे तिथे दाखवायच्या व्हिडिओचं सगळं दुकानामार्फत चाललं होतं. असली गिऱ्हाइकं ताईला नवी नव्हती. घटस्फोट झालेल्या आईबापांना एकाही फोटोत शेजारी न आणता मुलीच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ तिने जुळवून दिला होता, आणि दोघांनीही वेगवेगळं येऊन तिचे आभार मानले होते.

"टेम्पलेट कोणतं लावू?"

"दादाने कोणतं घेतलंय?"

"सोनेरी चौकट."

"मग ते नको. दुसरं दाखवा."

त्याने 'जुना अल्बम' निवडलं. त्यात पानं उलटतात आणि फोटो कोपऱ्यात चिकटवल्यासारखे दिसतात. जाता जाता तो परत वळला. "शेवटी एखादी छानशी ओळ टाका. आमची बदली झालीय, पुढच्या आठवड्यात आम्ही निघतो. आतापर्यंत सहा-सहा महिने वाटून घेतलं होतं आम्ही. आता आई कायमची दादाकडे."

"कायमची?"

"हो ना. रविवारी हॉलवरूनच त्याच्या गाडीत बसेल. सामान भरून ठेवलंय." एवढं बोलून तो फोन कानाला लावत बाहेर पडला.

दुकानात तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले मालकसुद्धा. मालक फोटो काढायचे, गोड बोलायचे आणि गिऱ्हाइकाला जे हवं ते होईल असं सांगायचे. ते कसं होणार याची काळजी मागच्या खोलीत ताईने करायची. वाढदिवस, निवृत्ती, श्रद्धांजली. टेम्पलेटं ठरलेली, चौकटी ठरलेल्या, फक्त माणसं बदलायची. लोकांची आयुष्यं आपण पाच-पाच मिनिटांत गुंडाळून देतो, असं ती कधी कधी गमतीने म्हणायची, पण काम मन लावून करायची. कामात असताना घर आठवत नसे, हा त्यातला खरा फायदा होता.

घरी बाबा होते. एके काळी गावभर दारं-खिडक्या बसवणारे सुतार. आता त्यांना आपलंच दार सापडत नसे. एकदा ते बस स्टँडवर एका परक्या बाईच्या सामानाची राखण करत बसलेले सापडले, आणि एकदा त्यांनी गॅस सोडून ठेवला आणि काडेपेटी शोधत राहिले. नवरा फिरतीवर असायचा. भाऊ लांब होता आणि फोनवर "तू आहेस म्हणून निर्धास्त आहे बघ" म्हणायचा. शेवटी तिने बाबांच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. सुताराच्या घरातली कडी तिने स्वतः, भाजी चिरायच्या सुरीने स्क्रू पिळून बसवली होती. ती वाकडी होती आणि हलायची. सुरुवातीला ती निघाली की आतून हाक यायची, "अगं, दार लागलंय." हल्ली हाक येत नव्हती. त्याचं तिला बरं वाटायला लागलं होतं.

ताईने दोन प्रोजेक्ट उघडले. थोरल्याचे फोटो सोनेरी चौकटीत, धाकट्याचे जुन्या अल्बममध्ये, प्रत्येकाची टाइमलाइन, म्हणजे फोटोंची ओळ, वेगळी. मग नेहमीच्या पद्धतीने तिने तिसरी, मोठी टाइमलाइन केली आणि या दोन्ही तिच्यात एकावर एक टाकल्या. वर थोरला, खाली धाकटा. दोन टेम्पलेटं एकत्र करायची म्हणजे दोन स्वयंपाकिणी एका ओट्यापाशी उभ्या करायच्या. एकीचं संगीत दुसरीवर चढतं, एकीचं पान उलटतं तेव्हा दुसरीची चौकट मध्ये येते. त्यावर तिचा साधा उपाय होता. सगळे फोटो तारखेप्रमाणे लावून टाकायचे. तारखेला कुणाचा राग नसतो, आणि भांडायला कुणी आलंच तर कॅमेऱ्याकडे बोट दाखवता येतं.

आई सहा महिने इथे, सहा महिने तिथे. त्यामुळे फोटो पायऱ्यांसारखे पडले: वरचे संपले की खालचे सुरू, खालचे संपले की वरचे. ताईने चालवून पाहिलं. अल्बममध्ये आई अंगणात झाडांना पाणी घालत होती, अंबाडा घातलेला, दंडाला स्वेटर घट्ट होत होता. मग सोनेरी चौकट आली. तीच आई, तोच निळा स्वेटर, खिडकीजवळच्या खुर्चीत. पुन्हा अल्बम. पुन्हा चौकट. ताईने थांबवलं आणि पहिल्यापासून पाहिलं.

सोनेरी चौकटीत शिरताना आईला अंबाडा असायचा आणि बाहेर पडताना केस कापलेले असायचे. अल्बमच्या पानांवर ते पुन्हा वाढायचे, गालही जरा भरायचे, आणि मग चौकट यायची. दर वर्षी अल्बममधली ही भर थोडी कमी पडत होती. शेवटच्या वर्षात तर दोन्हीकडे केस आखूडच होते, आणि निळा स्वेटर हँगरला लावल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता. एका भावाचे फोटो नुसते पाहिले असते तर यातलं काहीही दिसलं नसतं. केक होते, फुगे होते, नातवंडं दात काढून हसत होती.

वय झालं की माणूस उतरतंच, असं ताईने स्वतःला समजावलं आणि पुढच्या कामाला लागली.

सोनेरी चौकट उभी होती आणि फोटो आडवे. अशा वेळी टेम्पलेट स्वतःच चेहरा शोधतं, त्यावर झूम करतं आणि कडेचं कापून टाकतं. एका फोटोत त्याला आजीचा चेहरा सापडला पण नातवाचं अर्धं डोकं उडालं. ताईने त्या फोटोला झूम बंद करून 'पूर्ण फोटो' लावलं, आणि एकेक करत बसायला नको म्हणून तीच सेटिंग त्या टाइमलाइनमधल्या सगळ्या फोटोंवर एकदम चिकटवली. वर्षानुवर्षं ती असंच करत आली होती. कुठे काळी पट्टी राहिली तर मागाहून बघायची.

सगळे फोटो एका क्षणात मागे सरकले आणि रुंद झाले.

खुर्चीला हात होते. खुर्चीच्या हातावर आजीचा हात होता, आणि मनगटावरून एक कापडाची पट्टी खाली गेली होती. पुढच्या फोटोतही होती. केकच्या फोटोत एकच हात मोकळा होता, सुरी धरायला. नातवाच्या डोक्यामागे खोलीचं दार दिसत होतं आणि दाराच्या बाहेरच्या अंगाला कडी होती.

ताई उठून पाणी प्यायली आणि परत येऊन बसली. फोटो तसेच होते. पट्टीपेक्षा तिची नजर त्या कडीवरून हटेना. ती सरळ बसवलेली होती.

दुसऱ्या दिवशी थोरल्याची बायको व्हिडिओ पाहायला आली. ताईने तो चालू केला. वहिनींनी कौतुकाने पाहायला सुरुवात केली, मग त्यांची मान हळूहळू पुढे आली.

"हे असं कसं दिसतंय?"

"पूर्ण फोटो घेतलेत."

वहिनी गडबडल्या नाहीत. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि थकल्या आवाजात म्हणाल्या, "उठतात हो त्या. दोनदा पडल्या. डॉक्टर म्हणाले, आता पडल्या तर संपलं. मी दिवसभर एकटी, ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तू बघ काय ते. मऊ आहे ती पट्टी. मीच शिवलीय, आतून अस्तर लावून. वळ उठत नाही."

"आणि केस?"

"विंचरू देत नाहीत. मान हलवत राहतात." वहिनींनी ताईकडे नीट पाहिलं. "तुमच्याकडे आहे कुणी म्हातारं?"

"वडील."

"मग तुम्हाला काय सांगायचं."

"मी बांधत नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज नको तेवढा चढला. "मी फक्त कडी लावते."

"आम्हीही आधी कडीच लावायचो," वहिनी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. पुढचा रस्ता विचारणाऱ्याला सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मग उठताना म्हणाल्या, "ते झूम तेवढं परत करून टाका. लोक काहीच्या बाही बोलतात."

त्या गेल्यावर ताईने झूम परत केलं नाही. तिला वहिनींचा राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता, याचीच तिला भीती वाटली. तिने स्वतःचा फोन काढला. त्यात बाबांचे फोटो होते. भावाला पाठवण्यासाठी काढलेले, 'बाबा मजेत' असं लिहून. ते तिने मशीनवर घेतले आणि कशासाठी ते न ठरवता मोठ्या टाइमलाइनमध्ये तिसरी ओळ करून तारखेप्रमाणे टाकले.

पहिल्या फोटोत बाबा दारात उभे होते, कानामागे पेन्सिल. सवयच होती ती, काम सुटलं तरी पेन्सिल सुटली नव्हती. पुढे पेन्सिल गेली. मग दार गेलं. त्यानंतरचे सगळे फोटो पलंगावरचे. मध्येच एका फोटोपासून केस बारीक झाले होते. ताईनेच मशीन फिरवलं होतं, विंचरताना ते मान हलवतात म्हणून. करडा स्वेटर आधी पोटावर ताणलेला होता, मग सरळ पडला, मग खांद्यांवरून लोंबायला लागला.

वरच्या ओळीत ती आजी होती, खालच्या ओळीत बाबा. आजी दोन वर्षं पुढे होती, एवढाच फरक होता. ताईने तिसरी ओळ पुसून टाकली आणि तोंडावर हात ठेवून रडली. बाहेर मालक एका जोडप्याला "जरा जवळ या, अजून जवळ" असं सांगत होते, त्यामुळे कुणाला ऐकू गेलं नाही.

शनिवारी धाकटा आईला घेऊन आला. व्हिडिओच्या शेवटच्या चौकटीसाठी मालकांना तिचा एक ताजा, छान फोटो हवा होता. आजी फोटोंत दिसायची त्याहून लहान होती. मुलाच्या कोपराला धरून ती आत आली, दिवे पाहून थबकली. मालकांनी उजेड अडवायला दार लोटलं तशी ती म्हणाली, "दार उघडं ठेव रे बाळा."

"आजी, फोटो पांढरा येईल."

"येऊ दे."

धाकटा हसला. "हल्ली तिचं हे एक नवीनच खूळ आहे."

मालकांनी दार अर्धं उघडं ठेवलं आणि तिच्यासाठी मोठी लाकडी खुर्ची पुढे ओढली, आईवडिलांच्या फोटोंसाठी ठेवलेली. आजी बसली. बसल्यावर कुणीही काही न सांगता तिने दोन्ही मनगटं खुर्चीच्या हातांवर आणून ठेवली, तळवे खाली, आणि वाट पाहत राहिली. हात तिथून हलले नाहीत. मालक दिवा लावायला वाकले, उठले, इकडे गेले, तिकडे गेले, ती तशीच.

"बघा, किती शांत बसते," धाकटा म्हणाला. "अजिबात त्रास नाही तिचा."

मागच्या खोलीच्या दारातून ताई पाहत होती. तिला वाटलं, जाऊन ते हात उचलावेत, मांडीवर ठेवावेत, निदान हातात घ्यावेत. ती गेलीही. "आजी, हात असे घ्या ना," म्हणत तिने हळूच एक हात उचलला. हात हलका होता आणि विरोध करत नव्हता. सोडल्याबरोबर तो परत खुर्चीच्या हातावर गेला.

"तुम्ही जरा आत या," ताई धाकट्याला म्हणाली.

तिने त्याला व्हिडिओ दाखवला, पूर्ण फोटोंचा, तारखेप्रमाणे. तो उभ्यानेच पाहत होता. केकचा फोटो आला तेव्हा त्याने खुर्ची ओढून घेतली. शेवटपर्यंत पाहिलं. मग त्याने अगदी साधा प्रश्न विचारला.

"हे दादाने पाहिलंय?"

"वहिनींनी पाहिलंय."

"आमच्याकडे येते तेव्हा जरा उतरलेली असते, हे लक्षात यायचं," तो म्हणाला. "बायको म्हणायचीही. मी म्हटलं, वय झालं."

"तिला तिकडे पाठवू नका."

"मग कुठे पाठवू?" त्याने तोंड वर केलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चिडलेला होता. "सांगा ना. नवीन जागेत आम्ही दोघं नोकरीवर, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मी काय करणार आहे तिथे? मलाही काहीतरी करावंच लागेल ना? तुम्ही ठेवता?"

ताईकडे ठेवण्याजोगं एकच दार होतं, आणि त्या दारामागे आधीच कुणीतरी होतं.

त्याने खुर्ची मागे सरकवली. मग पडद्याकडे न बघता म्हणाला, "झूम करा. चेहरा घ्या फक्त. आईला हॉलमध्ये लोकांसमोर असं नको."

"मी नाही करणार."

"अहो, तिच्यासाठीच सांगतोय."

"मी नाही करणार," ताई पुन्हा म्हणाली. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला तिने हे कधी म्हटलं नव्हतं.

तो बाहेर गेला. मालकांशी काहीतरी बोलला. मालक आत आले, त्यांनी ताईच्या खांद्यावरून हात पुढे करून माउस घेतला, "काय ताई, एवढ्याशासाठी," असं पुटपुटले, आणि झूम लावून टाकलं. एका फोटोची सेटिंग सगळ्या फोटोंवर कशी चिकटवायची हे ताईनेच त्यांना शिकवलं होतं. सगळे चेहरे पुढे आले. सोनेरी चौकटीत आजी हसत होती, आणि चौकटीत हसण्याशिवाय काहीही उरलं नव्हतं.

"छान झालाय," मालक बाहेर जाऊन म्हणाले. "रविवारी लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

आजी अजून खुर्चीतच होती. मुलाने "चल आई" म्हटल्यावरच तिने मनगटं उचलली. जाताना ती अर्ध्या उघड्या दारापाशी थांबली, बाहेरच्या अंगाने त्याच्यावरून एकदा हात फिरवला, आणि मगच उंबरा ओलांडला.

जेवणाची सुट्टी झाली होती. ताईने ट्रायपॉडसाठी ठेवलेला स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये टाकला आणि घरी गेली. कडी सरकवली, दार उघडून ठेवलं. बाबा पलंगावर बसले होते. ती आत न जाता दाराशीच गुडघ्यांवर बसली आणि पहिला स्क्रू पिळायला लागली.

मागून पावलं आली. बाबा तिच्या डोक्यावरून वाकून पाहत होते.

"कुणी बसवलीय ही?"

"मी."

"दिसतंयच." त्यांनी नखाने कडी हलवून पाहिली. "स्क्रू आखूड आहेत. आणि लायनीत नाही. दे इकडे."

"काढायचीय बाबा. काढून टाकतेय मी."

ते त्यांना ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. ते पलंगापाशी गेले, खालून पत्र्याचा डबा ओढला, त्यातल्या शंभर खिळे-स्क्रूंतून हवे तेवढे लांब स्क्रू न शोधता काढले. सकाळी त्यांना चहाचा कप कशासाठी असतो हे सुचलं नव्हतं. एक स्क्रू त्यांनी ओठांत धरला, बाकीचे तिच्या तळहातावर ठेवले. "धर."

"बाबा, नको. खरंच नको."

"धर म्हटलं ना नीट."

तिने ते धरले. त्यांनी कडी पूर्ण काढली, एक डोळा बारीक करून रेघ पाहिली, आणि नव्याने बसवायला घेतली. हात थरथरत नव्हता. आखूड केसांखालच्या त्या चेहऱ्यावर अशी एकाग्रता तिने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती, आणि तो हात थांबवायची तिची हिंमत झाली नाही. शेवटचा स्क्रू बसल्यावर त्यांनी कडी दोनदा सरकवली. ती तेल घातल्यासारखी गेली आणि आली.

"आता हत्ती आला तरी निघायची नाही," बाबा खूश होऊन म्हणाले. मग ते खोलीत गेले आणि आत उभे राहिले. "लाव बघू. आतून ढकलून बघतो."

ताईने दार लोटलं.

"लावलीस का?"

कडी तिच्या बोटांजवळ होती. तिने कडीला हात लावला नाही. दोन्ही तळवे दारावर टेकले, पाय रोवले आणि म्हणाली, "हो. लावली."

बाबांनी आतून जोर केला. अजून बराच जोर होता त्यांच्यात. ताईने सगळं अंग दारावर टाकलं आणि ते धरून ठेवलं.

"पक्की बसलीय," आतून समाधानाने आवाज आला. पलंग करकरला. पर्समध्ये फोन वाजायला लागला, मालकांचा असणार. ताई दार धरून तशीच उभी राहिली.